पोकेमॉनच्या लढतींतील हवामानाचे डाव

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींत संघबांधणीला सर्वाधिक वळणे हवामानाने दिली. 1999 च्या ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या खेळांमध्ये पाऊस, ऊन व वाळूचे वादळ प्रथम आले. पाच फेऱ्यांत ओसरणाऱ्या या हवेसाठी एक खेळी खर्चावी लागे. 2002 च्या ‘रुबी’ आणि ‘सफायर’ने हे गणित बदलले: टायरॅनिटार हा पोकेमॉन मैदानात उतरताच वादळ सुरू होई आणि दुसरी हवा येईपर्यंत टिके. पाऊस पाडणारा कायोग्र मात्र इतका बलाढ्य होता की सर्वसाधारण लढतींत त्याला मज्जावच असे.

खरी उलथापालथ या खेळांच्या पाचव्या पिढीत, म्हणजे 2010 नंतर झाली. पॉलिटोएड या मध्यम ताकदीच्या पोकेमॉनला कायमचा पाऊस मिळाला. पाण्याचे हल्ले दीडपट झाले, ‘स्विफ्ट स्विम’ ही क्षमता असलेल्यांचा वेग दुप्पट झाला आणि विजेचा ‘थंडर’ हल्ला हमखास लागू लागला. प्रतिस्पर्ध्याचा हवामान आणणारा पोकेमॉन आधी टिपणे, हाच अनेक सामन्यांचा गाभा ठरला. अखेर 2011 मध्ये स्मॉगन या खेळाडूंच्या समुदायाने पॉलिटोएडचा पाऊस आणि ‘स्विफ्ट स्विम’ एकाच संघात ठेवण्यास बंदी घातली. मूळ खेळाला हात न लावता खेळाडूंनीच घातलेला हा निर्बंध दूरदृष्टीचा होता.

2013 च्या ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये निर्मात्यांनीही अशा आपोआप येणाऱ्या हवेची मुदत पाच फेऱ्यांवर आणली, पोकेमॉनजवळ विशिष्ट खडक असल्यास आठ. 2016 मध्ये पेलिपरलाही पाऊस पाडण्याची क्षमता मिळाली आणि पावसाचे संघ पुन्हा दिसू लागले.