क्रेफिश आणि मासे एकाच तळ्यात? ऑर्डर करण्याआधी हे वाचा

रील्समध्ये 'गोड्या पाण्यातला लॉबस्टर' म्हणून लाल-निळ्या नांग्यांचा जो प्राणी फिरतोय, तो क्रेफिश. भारतात तो मूळचा नाहीच. ऑनलाइन मिळतो तो फिशटँकसाठी आलेला परदेशी. आमच्या नालवाडीच्या ग्रुपवरही कुणीतरी विचारलं, 'शेततळ्यात माशांसोबत सोडू का?' माझं उत्तर: अजिबात नको.

क्रेफिशची पिल्लं मादीच्या पोटाखाली, गोड्या पाण्यातच तयार होतात. मार्बल्ड क्रेफिशला तर नरही लागत नाही, एकटी मादी स्वतःच्या कॉप्या काढत राहते. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या फिशटँकमध्ये सापडलेला हा प्राणी पुढे मादागास्करभर पसरला. काही जाती बांधात बिळं करतात, ओल्या जमिनीवरून चालतही जातात. इथून निसटला की धाम, वर्धा, प्राणहिता, थेट गोदावरी. इथे अनडू बटण नाही.

मग पर्याय? गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, म्हणजे स्कॅम्पी. त्याच्या अळ्यांना मचूळ पाणी लागतं, म्हणून तो आपल्या तळ्यात वाढतो पण वंश वाढवत नाही. दरवर्षी हॅचरीतून बीज आणायचा खर्च आहे खरा, पण माझ्या मते तेच त्याचं सेफ्टी फीचर.

सोबत कटला आणि रोहू चालतात, कारण ते वरच्या आणि मधल्या थरात चरतात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी झिंग्याच्याच खाद्यावर येतात, ते टाळा. मरळ आणि मांगूर तर झिंगाच खातील. कात टाकल्यावर झिंगा मऊ असतो आणि भाऊबंदच त्याला फस्त करतात. लपायला तळाशी जुनी कौलं, पाईपचे तुकडे टाका. त्याला २६ ते ३१ अंश पाणी मानवतं. म्हणून जुलैत बीज सोडून विदर्भातली कडक थंडी पडायच्या आत काढणी करावी.

आता मोबाईलचं काम. रात्री पाण्यातलं शेवाळही ऑक्सिजन घेतं, त्यामुळे तो पहाटे सगळ्यात कमी असतो. साडेचारचा अलार्म लावा, टॉर्च घेऊन तळ्यावर जा. झिंगे काठाला गोळा झालेत, मासे वर तोंड काढतायत? लगेच एरेटर चालू करा. लिटरला ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन चांगला, ३च्या खाली धोका. तो मीटरने किंवा टेस्ट किटने मोजा. नुसत्या कॅमेऱ्याने मोजून देतो म्हणणारं ॲप सरळ अनइन्स्टॉल करा.

विहिरीच्या मोटरचा मोबाईल स्टार्टर एरेटरलाही जोडता येतो. पण लाईटच नसेल तर तो काय करणार? झडीच्या दिवसांत खाद्य कमी टाका.