परीक्षेला रुग्णच नाही, तेव्हा...

डॉक्टर होण्याची शेवटची परीक्षा नुसती लेखी नसते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला परीक्षकांसमोर रुग्ण तपासून दाखवावा लागतो. यकृत वाढलं आहे का, हे पोटावर हात ठेवूनच सांगावं लागतं. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे रुग्णाजवळ जाणंच धोक्याचं झालं. आता परीक्षा घ्यायची कशी? आणि न घ्यावी, तर नवे डॉक्टर येणार कुठून?

इटलीत पदवीनंतर परवान्यासाठी वेगळी सरकारी परीक्षा असे. १७ मार्च २०२० च्या वटहुकुमाने ती काढून टाकली. पदवी आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण पुरेसं मानलं गेलं. त्यामुळे सुमारे १०,००० डॉक्टर काही महिने आधी मिळतील, असा सरकारचा अंदाज होता.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजने परीक्षा घेतली, पण वेगळी. शेवटच्या वर्षाच्या सुमारे २८० विद्यार्थ्यांनी ती घरूनच संगणकावर दिली, तीही पुस्तकं उघडी ठेवून! मग परीक्षेला अर्थ काय उरला? प्रश्नांत रुग्णाची हकिकत आणि तपासण्यांचे निकाल दिलेले होते. त्यांची सांगड घालून निर्णय घ्यायचा होता. असं उत्तर पुस्तकाच्या एखाद्या पानावर आयतं सापडत नाही.

पण हाताच्या कौशल्याचं काय? १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी प्रात्यक्षिक परीक्षेची एक नवी पद्धत मांडली. विद्यार्थी ओळीने एकेका टेबलापाशी जातात आणि प्रत्येकाला तीच कामं करावी लागतात. पद्धत न्याय्य, पण साथीत नेमकी हीच वर्दळ नको होती. ब्रिटनमधील काही महाविद्यालयांत ही परीक्षा आधीच उरकली होती. इतर अनेक ठिकाणी ती रद्द झाली. तिथे भिस्त ठेवावी लागली ती आधीच्या वर्षांत शिक्षकांनी केलेल्या मूल्यमापनावर. अनेक नवे डॉक्टर नेहमीपेक्षा लवकर रुजू झाले, मात्र ज्येष्ठांच्या देखरेखीखाली.

शेवटचा दिवस वगळता आला, कारण त्याआधीची वर्षं कुणीतरी पाहिलेली होती. २०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा नववीचे आणि दहावीतले अंतर्गत गुण धरून निकाल लागला. त्या गुणांमागे मुलांचं खरंखुरं काम आपण किती पाहिलं होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला पुढच्या साथीची वाट पाहायला नको.