वही मात्र कुलपात

पंधराव्या शतकातल्या इटलीत विद्वानांची एक मोठी पिढी होऊन गेली. जुने ग्रीक-लॅटिन ग्रंथ त्यांनी पुन्हा वाचायला घेतले आणि चांगला नागरिक कसा असावा यावर भरपूर लिहिलं. त्यात बाई कुठे?

बहुतेक घरातच. व्हेनिसच्या फ्रान्चेस्को बार्बारोने १४१५-१६ च्या सुमारास एका लग्नात भेट म्हणून ग्रंथच लिहून दिला. देहाप्रमाणे बाईची वाणीही चारचौघांत येऊ नये, असं त्यात आहे. फ्लॉरेन्सचे लिओनार्दो ब्रुनी जरा उदार. बात्तिस्ता मालातेस्ता या विदुषीला त्यांनी इतिहास, काव्य, धर्मग्रंथ सगळं वाचायला सांगितलं. वक्तृत्व तेवढं नको, कोर्टकचेरीतलं बोलणं पुरुषांचं. पुढे १४३३ मध्ये याच बात्तिस्ताबाईंनी सम्राट सिगिस्मुंडपुढे लॅटिनमध्ये भाषण केलं!

मला खटकला तो आल्बेर्ती. १४३०च्या दशकात लिहिलेल्या त्याच्या कुटुंबविषयक ग्रंथात जान्नोत्सो नावाचे वडीलधारे सांगतात, की नव्या बायकोला सगळं घर फिरून दाखवलं, मौल्यवान चीजवस्तू दाखवल्या, पण वह्या आणि कागदपत्रं कुलपातच ठेवली. मी कॉमर्सची. खतावणी न बघता घर चालवायचं कसं, हे त्यांनी कुठे सांगितलेलं नाही.

त्याच दशकात, आल्बेर्तींच्याच फ्लॉरेन्समध्ये, आलेस्सांद्रा माचिंगी स्त्रोत्सीच्या नवऱ्याला १४३४ मध्ये राजकारणापायी हद्दपार केलं. वर्षभरात तो वारला. पदरी पाच मुलं. बाईला ना मत, ना सरकारी पद. पण शहराचा कर तिनेच भरायचा, जमीनजुमला तिनेच सांभाळायचा. १४४७ मध्ये थोरल्या लेकीचं लग्न १००० फ्लोरिन हुंड्यावर ठरवलं. आणखी चार-पाचशे दिले असते तर वरचं घराणं मिळालं असतं, हेही तिने मुलाला लिहून कळवलं. (हुंड्याचे हिशेब वाचून जीव कसानुसा होतो, ते वेगळं.)

पुढे मुलांवरही बंदी आली. कोण सत्तेवर आलं, कोणाचं वजन वाढलं, कोणाकडे शब्द टाकावा, सगळं ती पत्रांतून त्यांना कळवायची. तिची ७०हून अधिक पत्रं टिकली आहेत. पुरुषांच्या सभागृहात पाय न ठेवता इतकं राजकारण कळणं, याला मी तरी नागरिकच म्हणेन.

१४६६ मध्ये बंदी उठली. थोरल्या फिलिप्पोने १४८९ मध्ये बांधायला घेतलेला स्त्रोत्सी वाडा प्रवासी आजही बघायला जातात. आलेस्सांद्रा १४७१ मध्येच गेली होती. तिच्या हिशेबाच्या वह्या फ्लॉरेन्सच्या दफ्तरखान्यात आहेत.