माराकाइबोच्या काठावरचं ऋण



इतिहास-भूगोल शिकवताना मुलं एक प्रश्न हमखास विचारायची, "बाई, देशांना नावं पडतात कशी?" त्यावर माझं ठेवणीतलं उदाहरण होतं व्हेनेझुएलाचं. १४९९ साली आलोन्सो दे ओहेदा हा स्पॅनिश दर्यावर्दी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याने चालला होता. माराकाइबोच्या परिसरात पाण्यात खांब रोवून त्यावर बांधलेली घरं दिसली आणि त्यांना इटलीतलं व्हेनिस आठवलं. म्हणून हे 'छोटं व्हेनिस', म्हणजेच व्हेनेझुएला, अशी गोष्ट सांगतात. मुलं खूष व्हायची. त्या खांबांवरच्या घरांत राहतं कोण, हे मात्र ना कधी मुलांनी विचारलं, ना मला कधी विचारावंसं वाटलं.

आता इतक्या वर्षांनी तो प्रश्न पडला. धाकट्या भावाची मुलगी परदेशात जनुकशास्त्र शिकते. तिने अ‍ॅलिस वेक्सलर या इतिहासाच्या अभ्यासक बाईंचं १९९५ साली निघालेलं 'मॅपिंग फेट' हे पुस्तक पाठवलं. वर चिठ्ठी, "आत्या, हे विज्ञान तुझ्या इतिहासात बसेल." माझं इंग्रजी बेताचंच, कोश उशाशी ठेवून महिनाभर वाचत होते. पुस्तक लेखिकेच्या स्वतःच्या घरातल्या आजाराचं आहे. पण वाचता वाचता मी जाऊन पोचले ती त्या खांबांवरच्या घरांपाशी. मग आणखी इकडचं तिकडचं वाचलं. ते सगळं आज तुम्हाला सांगते.

आजाराचं नाव हंटिंग्टन. १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन या बावीस वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने त्याचं नेमकं वर्णन केलं. त्याचे वडील आणि आजोबाही लाँग आयलंडवर डॉक्टर. एकाच गावातली तीच घराणी या तिघांनी पिढ्यान् पिढ्या पाहिली होती, म्हणून तर त्याला दुखण्याची वाट बापाकडून लेकाकडे जाताना दिसली. हा आजार बहुधा तिशी-चाळिशीत डोकं वर काढतो. हातपाय, खांदे, चेहरा आपोआप हलू लागतात. चालताना झोकांड्या जातात, बोलणं बोबडं होतं, घास गिळता येईनासा होतो. स्वभाव बदलतो, माणूस चिडका किंवा उदास होतो, विचार करण्याची ताकद जाते. असं पंधरा-वीस वर्षं चालतं आणि मग शेवट. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. छापा की काटा. आणि खरी वाईट गोष्ट अशी, की लक्षणं दिसेपर्यंत लग्न होऊन पोरंबाळं झालेली असतात.

युरोपीय वंशाच्या लोकांत लाखात पाच-दहा जणांना हा होतो. माराकाइबो सरोवराच्या काठी मात्र हेच प्रमाण लाखात सातशेच्या आसपास असल्याचं सांगतात. सान लुईस, बारांकितास, लागुनेता ही त्या वस्त्यांची नावं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या एका बाईपासून ही वंशावळ निघते, ती दहा पिढ्या खाली येते. तिथे आजाराला म्हणतात 'एल माल'. म्हणजे नुसतं 'वाईट'. आपल्याकडे रात्रीचं सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, तसाच प्रकार.

१९५२ साली आमेरिको नेग्रेते नावाचा तरुण डॉक्टर या भागात नेमणुकीवर आला. हा डॉक्टर कविताही करायचा आणि चित्रंही काढायचा. रस्त्याने झोकांड्या खात जाणारी माणसं पाहून त्याला वाटलं, हे गाव दारूत बुडालेलं दिसतंय. तसं तो बोललाही. गावकऱ्यांनी त्याला सांगितलं की ही माणसं प्यायलेली नाहीत, आजारी आहेत. नेग्रेतेचं मोठेपण यात, की त्याने ते ऐकून घेतलं. मग घरोघर जाऊन कुणाचा बाप कोण, कुणाची आजी कशाने गेली, अशी कुळं मांडली. १९५५ साली काराकासच्या वैद्यकीय परिषदेत त्याने सांगितलं की हा हंटिंग्टनच आहे. ज्यांना जग दारुडे समजत होतं ते रुग्ण ठरले, ते असे.

इथे मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं. कारण सांगते.

फार वर्षांपूर्वी माझ्या वर्गात सातवीला एक मुलगा होता. हुशार, पण शाळा बुडवायचा. त्याचे वडील बाजारात दिसायचे, पाय वेडेवाकडे पडायचे, हात उडायचे, पोरं मागे लागायची. सगळं गाव म्हणायचं दारू. मुलाच्या आईला आम्ही शाळेत बोलावून घेतलं आणि मी तिला व्यसनमुक्तीवर चांगलं दहा मिनिटांचं भाषण ऐकवलं. ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, ते पीत नाहीत हो." मी विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षी मुलगा शाळेत आला नाही. त्या गृहस्थांना कोणता आजार होता ते मला आजही माहीत नाही, आणि ते कळायची आता काही वाटही नाही. पण नेग्रेतेला जे गावकऱ्यांनी सांगितलं तेच मला त्या बाईने सांगितलं होतं. त्याने ऐकलं. मी ऐकलं नाही.

असो. गोष्ट पुढे नेते.

१९७२ साली, हंटिंग्टनच्या त्या लेखाला शंभर वर्षं झाली म्हणून अमेरिकेत ओहायोमध्ये परिषद भरली. नेग्रेतेचा शिष्य रामोन आविला हिरोन याने तिथे या गावांची फिल्म दाखवली. सरोवराकाठी एवढी मोठी कुटुंबं आहेत हे बाहेरच्या जगाला त्यामुळे कळलं. यात नॅन्सी वेक्सलर होती, पुस्तक लिहिणाऱ्या अ‍ॅलिसची धाकटी बहीण. या दोघींच्या आईला १९६८ साली हंटिंग्टनचं निदान झालं होतं. म्हणजे दोघींच्याही डोक्यावर तोच छापा-काटा. वडील मिल्टन वेक्सलर हातावर हात ठेवून बसले नाहीत, त्यांनी संशोधनासाठी संस्थाच काढली. आई १९७८ साली गेली.

नॅन्सी १९७९ साली पहिल्यांदा माराकाइबोला गेली आणि १९८१ पासून २००२ पर्यंत दरवर्षी आपल्या चमूसह जात राहिली. लागुनेतासारख्या वस्तीत होडीनेच जावं लागे. विरोधाभास पाहा, याच सरोवराच्या परिसरात १९२२ साली तेलाचं प्रचंड कारंजं उसळलं आणि त्या तेलावर देश श्रीमंत झाला. काठावरचे हे कोळी मात्र होते तिथेच राहिले.

रक्त आणि कातडीचा बारीकसा तुकडा द्यायला लोक साहजिकच घाबरत. परक्या देशाची माणसं येऊन सुई का टोचतात? तेव्हा नॅन्सी सांगे, माझ्या आईलाही हेच होतं, मीही दिलंय. तिच्या दंडावरचा तो व्रण एका परिचारिकेने हात धरून सगळ्यांना दाखवला. 'एल माल' फक्त आपल्यालाच आहे, जगात दुसऱ्या कुणाला नाही, अशी त्या लोकांची समजूत होती. आपल्यासारखीच एक उत्तरेकडची बाई पाहिल्यावर हात पुढे आले. चार हजारांवर नमुने जमले, अठरा हजारांवर माणसांची वंशावळ तयार झाली. आपल्याकडे पंढरपूरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपली कुळं सापडतात ना, तसाच प्रकार, फक्त इथे प्रत्येक नावापुढे एक दुखणं लिहायचं की नाही हा प्रश्न.

त्या रक्ताने काय केलं? १९८३ साली जेम्स गुसेला आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा दोष चौथ्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. एखाद्या आजाराचा पत्ता असा शोधता येतो, हे तेव्हा नवलच होतं. पण पत्ता म्हणजे नुसती गल्ली कळली, घर शोधायला आणखी दहा वर्षं लागली. १९९३ साली सहा संशोधक गटांतल्या पन्नासहून अधिक शास्त्रज्ञांनी मिळून ते जनुक शोधलं. दोष कसला, तर जनुकाच्या लिपीत तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. एखादं पोर शुद्धलेखनात पेंगत एकच शब्द गिरवत बसतं ना, तसं. सव्वीसपर्यंत तो आला तर काही बिघडत नाही. चाळीस किंवा त्याहून जास्त झाला तर आजार अटळ. वडिलांकडून मुलाकडे जाताना हा आकडा वाढूही शकतो, आणि आकडा फार मोठा असला तर आजार लहान वयातच गाठतो. आज जगात कुठेही हंटिंग्टनची रक्ततपासणी होते ती या शोधामुळे, आणि या शोधात त्या कोळ्यांच्या रक्ताचा मोठा वाटा आहे.

मग त्या कोळ्यांना काय मिळालं? हा प्रश्न मला छळतो, म्हणून तर हे लिहायला बसले.

काहीच मिळालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. संशोधकांच्या चमूबरोबर औषधं, कपडे, खाणं येत असे. १९९९ साली माराकाइबोत 'कासा होगार आमोर इ फे' हे शुश्रूषागृह सुरू झालं. नावाचा अर्थ 'प्रेम आणि श्रद्धेचं घर'. वेक्सलर यांच्या संस्थेचा त्याला आधार होता. आता तुम्ही म्हणाल, ज्यावर औषध नाही त्यासाठी घर कशाला? तर हा आजार झालेल्याला सतत हालचालीमुळे खूप जास्त खाणं लागतं, आणि गिळता तर येत नाही. मऊ, दाट अन्न हळूहळू भरवावं लागतं, नाहीतर ठसका लागून जीव जायचा. माणूस पलंगावरून पडू नये म्हणून जपावं लागतं. हे सगळं घरात कोण करतं? बायको करते, मुलगी करते. जिला उद्या स्वतःलाही होईल की काय ही धास्ती आहे तीच मुलगी. तिला चार तास सुटका मिळणं हीच मोठी मदत. पण पुढे पैशाअभावी ते घर बंद पडलं. २०१४ नंतर देशाची घडीच विस्कटली, अन्न आणि औषधांची टंचाई झाली. ज्यांना दुप्पट जेवण हवं त्यांना एक वेळचंही मिळेना, यापरतं दुर्दैव काय!

तरी कुणी ना कुणी उभं राहतंच. इग्नासियो मुन्योस-सानहुआन हा मेंदूचा अभ्यासक औषध शोधण्याच्या कामात होता. त्याला हेच टोचलं असावं. त्याने फॅक्टर-एच नावाची संस्था काढली. ती व्हेनेझुएला, कोलंबिया अशा देशांतल्या या कुटुंबांना अन्न, औषधं आणि मुलांच्या शिक्षणासाठी मदत करते. प्रयोगशाळेपेक्षा भाकरीची निकड आधी, हे ओळखणारा शास्त्रज्ञ मला फार आवडला.

आणि १८ मे २०१७ रोजी तर इतिहासच घडला. पोप फ्रान्सिस यांनी या कुटुंबांना रोममध्ये भेटायला बोलावलं. पोप स्वतः अर्जेंटिनाचे, म्हणजे त्यांची भाषा या कुटुंबांचीच, स्पॅनिश. ज्यांना शेजारी शिवत नव्हते त्यांना त्यांनी मिठीत घेतलं. त्या भेटीचं ब्रीद होतं, यापुढे लपवणं नाही. मी काही चर्चमध्ये जाणारी नव्हे, पण कुळातलं दुखणं लपवणं म्हणजे काय हे आपल्याकडे मुलीचं लग्न ठरवलेल्या प्रत्येक आईबापाला कळतं. लपवण्याने आजार थांबत नाही, फक्त मदत थांबते.

२०२० साली नॅन्सी वेक्सलर यांनी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्यालाही हंटिंग्टन असल्याचं जगाला सांगितलं. जिने दुसऱ्यांना लपू नका म्हटलं तिने स्वतःही ते पाळलं. सप्टेंबर २०२५ मध्ये एका जनुकीय उपचाराच्या छोट्या चाचणीत तीन वर्षांत आजाराचा वेग बराच मंदावल्याची बातमी आली. त्यासाठी मेंदूत शस्त्रक्रिया करून औषध सोडावं लागतं, तासन् तास चालणारं काम. भाचीने फोनवर हे सांगितलं तेव्हा आवाजात केवढा आनंद होता! मी विचारलं, "अगं, हे बारांकितासला कधी पोचेल?" ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आत्या, तिथे अजून साधं औषध वेळेवर पोचत नाही."

आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितली आहेत. शास्त्र जाणणारे ऋषी म्हणायचे तर त्यांचं ऋण जग मानतं, पारितोषिकं देतं. पण ज्यांनी दंड पुढे केला त्या कोळ्यांचं ऋण कुठल्या खात्यावर लिहायचं?

माझ्याकडून होण्यासारखं फार थोडं आहे. शाळेतले सहकारी आणि जुने विद्यार्थी हे वाचतात म्हणून सांगते, त्या सातवीतल्या मुलाचा ठावठिकाणा कुणाला ठाऊक असेल तर मला फोन करा. आता तो पन्नाशीच्या घरात असेल. त्याची आई हयात असेल तर मला तिला एकदा भेटायचं आहे.

चूकभूल द्यावी घ्यावी.