दिशाकुशल नेता : नक्षत्रे, नौका आणि माणगाव

कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीस 'पंचतारांकित' असे म्हणतात. हे तारे सुविधांच्या प्रतवारीचे होत. रात्रपाळीच्या दिव्यांपुढे आकाशातील तारे तेथे फिकेच दिसावयाचे. परंतु ज्या कागल जहागिरीत ही भूमी होती, तिच्याच माणगावचा इतिहास आठवला की नक्षत्र आणि नेतृत्व यांचा संबंध तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तथागतांनी ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे ही हीन विद्या ठरविली. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात तसे स्पष्ट आहे. मात्र विनयपिटकाच्या चुल्लवग्गात अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रांची स्थाने शिकावीत व दिशाकुशल व्हावे, असाही नियम आहे. त्यामागील प्रसंग मोठा बोलका आहे. चोरांनी भिक्खूंना आजचे नक्षत्र कोणते, ही दिशा कोणती, असे विचारले. भिक्खूंना ते सांगता येईना. तेव्हा हे भिक्खू नव्हेतच, असे म्हणून चोरांनी त्यांना मारहाण केली. तारा तोच, एकजण त्यात नशीब शोधतो, दुसरा वाट. पहिला पुरोहिताच्या अधीन होतो, दुसरा स्वतःच्या पायांनी चालतो.

सुप्पारक जातकातील नाविक याच दुसऱ्या जातीचा. (त्याच्या नावाशी जुळणारे शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, तेथील स्तूपाचे उत्खनन भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले.) आर्यशूरांच्या जातकमालेत त्यास ताऱ्यांच्या गतीचे, पाण्याच्या रंगाचे, माशांचे व पक्ष्यांचे ज्ञान होते, असे वर्णिले आहे. पाली कथेत तर खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेलेली आहे. तरीही सातशे व्यापारी त्यालाच नौकेवर नेतात. भरकटलेल्या नौकेवरून व्यापारी दिसेल ते सांगतात आणि तो समुद्र ओळखतो. म्हणजे डोळे लोकांचे, अभ्यास नेत्याचा. लोकांना न विचारणारा नेता डोळस असूनही नौका बुडवितो, हे आपण अनेकदा पाहिले आहे! एका समुद्रात हिरे आहेत हे तो जाणतो, पण बोलत नाही. लोभाने नौका जड होऊन बुडेल, ही त्याची भीती. हा गुण आजच्या पुढाऱ्यांत आम्हांस फारसा आढळत नाही.

आता माणगाव. २१ व २२ मार्च १९२० रोजी तेथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय अवघे अठ्ठावीस. 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी परिषदेत जाहीर केले की, तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे. ही निवड कुंडली पाहून झालेली नव्हती; कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन आणि समाजाची तळमळ पाहून झाली होती. शिवाय महाराजांनी स्वतःकडे सुकाणू ठेवले नाही, ते ज्यांची नौका होती त्यांच्याच माणसाकडे जावे असे म्हटले. संस्थानिकाच्या तोंडून हे यावे, याचे मोल आम्ही फार मोठे मानतो.

पुढे बाबासाहेबांनी सुकाणू धरणाऱ्याचीही पूजा नको म्हटले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्तीला हुकूमशाहीकडे नेणारी वाट म्हटले. माणगावनंतर मात्र ते घोषणांच्या गजरात थांबले नाहीत. जुलै १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा समुद्रमार्गे लंडनला निघाले.