बाईकच्या पार्ट्सना पावडर कोटिंग करताय? आधी हे वाचा

गंजलेली चेसिस किंवा स्टँड नव्यासारखा करायचा, तर हल्ली अनेकजण साध्या रंगाऐवजी पावडर कोटिंग करून घेतात. यात थिनर लागत नाही. गनमधून निघणाऱ्या कोरड्या पावडरला विद्युतभार दिला जातो आणि पार्टला अर्थिंग असतं, म्हणून पावडर धातूला चिकटते. मग साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळून टणक थर बनतो.

खरी मेहनत त्याआधीची असते. जुना रंग आणि गंज सँडब्लास्टिंगने काढावा लागतो. तेलाचा डाग राहिला, की थर सुटलाच म्हणून समजा. बेअरिंग, रबर बुश, ऑइल सील आधीच काढावेत. आटे झाकले नाहीत, तर नंतर बोल्ट बसत नाहीत.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते चेसिस नंबरकडे. तो जाड थराखाली बुजला, तर आरटीओत गाडी तपासताना पंचाईत होते. त्यामुळे तेवढी जागा झाकायला आवर्जून सांगा.

अलॉय व्हीलचं प्रकरण जरा नाजूक. भट्टीत जास्त तापमानाला जास्त वेळ राहिलं, तर हीट ट्रीटमेंट केलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ताकद कमी होऊ शकते. सँडब्लास्टिंग झाल्यावर, पावडर मारण्याआधी, चाक एकदा स्वतः बघून या. बारीक तडा असेल, तर नंतर तो कोटिंगखाली लपून जातो.