एका तक्रारअर्जाची हकीकत

गणकयंत्राला काम सांगण्याच्या ज्या भाषा आहेत, त्यांच्याबरोबर तयार अवजारांची एक कोठी मिळते. तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. नावे अकारविल्हे लावणे, तारखा मोजणे ही रोजची कामे प्रत्येक कारागिराला नव्याने रचावी लागू नयेत, म्हणून ही सोय. पण कोठीतल्या अवजाराला तडा असला, तर तो एकाच्या नव्हे, असंख्यांच्या कामात उतरतो. असा एक तडा तेरा वर्षे कोणाच्या ध्यानात आला नाही.

२००२ साली टिम पीटर्स यांनी पायथन भाषेसाठी क्रम लावण्याची एक रीत रचली. टिमसॉर्ट तिचे नाव. २०११ साली ती जावाच्या सातव्या आवृत्तीत आली. अँड्रॉइड फोनांतही गेली. रीत मोठी हुशारीची. यादीत मुळातच क्रमाने लागलेले तुकडे असतात, ते हेरून ती थप्पीवर ठेवते आणि शेजारचे तुकडे एकमेकांत मिसळत जाते. थप्पी फार उंच होऊ नये म्हणून नियम असा की, कोणताही तुकडा त्याच्यावरच्या दोघांच्या बेरजेहून मोठा असला पाहिजे. हा नियम आज्ञावलीत टिपण म्हणून स्वच्छ लिहिलेला होता. प्रत्यक्षात तपासणी होई ती वरच्या तीन तुकड्यांचीच.

समजा, खालून वर १२०, ८०, २५, २० आणि ३० अशा लांबीचे तुकडे आहेत. २५ हा २० आणि ३० यांच्या बेरजेहून लहान, म्हणजे नियम मोडला; म्हणून २५ आणि २० मिसळून ४५ केले. आता वरचे तिघे ८०, ४५, ३० बिनचूक झाले. पण खालचा १२० हा ८० आणि ४५ यांच्या बेरजेला, १२५ ला, कमी पडला आणि तिकडे कोणी पाहिलेच नाही. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे चित्र परके नाही. करारात कलम असते, आणि तपासनीस दाराजवळचे तीन साचे पाहून परत जातो.

जावाच्या थप्पीला खण मोजके. ते संपले की काम मध्येच कोसळे. २०१३ साली अशी तक्रार आली, तेव्हा एका ठिकाणी १९ खणांचे २४ करण्यात आले. नियमाला कोणी हात लावला नाही.

२०१५ साली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेतील स्टाइन द खाउ आणि त्यांचे सहकारी हे अवजार निर्दोष आहे, असे गणिताने सिद्ध करावयास बसले. सिद्धता अडली, जिथे अडली तिथेच दोष निघाला. त्यांनी मांडलेली तक्रार आम्हांला नमुनेदार वाटते. काम कोसळवणारी ६,७१,०८,८६४ नोंदींची यादी, नियम नेमका कुठे मोडतो त्याचे स्थान, आणि तपासणीत आणखी एक खालचा तुकडा धरावा हा उपाय. 'काहीतरी बिघडले आहे' एवढेच म्हणणाऱ्या अर्जाला टोलवता येते, याला टोलवणे कठीण.

पायथनच्या थप्पीला ८५ खण होते. ते संपवील एवढी यादी मावणारे यंत्रच अस्तित्वात नव्हते. तरीही त्या मंडळींनी तपासणी सुधारली. ज्यांच्या घरी खरोखर पडझड होत होती, त्या जावाच्या मंडळींनी मात्र ४० खणांचे ४९ केले. चालत्या यंत्रात कमीत कमी हात घालावा, असा विचार असावा. तो अगदीच चुकीचा म्हणवत नाही. पण त्यामुळे टिपणात नियम आणि कामात त्याचा भंग, दोन्ही शेजारी शेजारी नांदत राहिले.

२०१८ साली फ्रान्समधील चौघा संशोधकांनी ४९ खणही अपुरे पडू शकतात, हे दाखवून दिले. त्याच वर्षी जावाच्या अकराव्या आवृत्तीत खालच्या तुकड्याची तपासणी अखेर घालण्यात आली. पायथनने तर २०२२ साली, ३.११ या आवृत्तीत, तुकडे मिसळण्याचा तो नियमच सोडून पॉवरसॉर्ट नावाची दुसरी रीत घेतली.